जुन्या दगडासमोर काच कशाला?

प्रश्न : माझी भाची ग्लासगो स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकते. तिच्याकडे गेलो तेव्हा रेनफ्रू स्ट्रीटच्या एका बाजूला वास्तुविशारद मॅकिंटॉशची जगप्रसिद्ध इमारत, जळालेली, परांचीत झाकलेली. आणि समोर फिकट हिरव्या काचेचा ठोकळा! जुनीला शोभेल अशी दगडी इमारत बांधता आली नसती का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : बांधता आली असती, पण तिथे वर्ग नीट भरले नसते. चित्रकाराला उत्तरेचा उजेड लागतो, कारण तो दिवसभर फारसा बदलत नाही. मॅकिंटॉशची इमारत १८९७ ते १९०९ या काळात दोन टप्प्यांत झाली. तिच्या स्टुडिओंच्या भल्यामोठ्या खिडक्या उत्तरेला, म्हणजे रस्त्याकडे आहेत. तुम्ही पाहिलेली काचेची रीड बिल्डिंग रस्त्यापलीकडे आहे, त्यामुळे तिचं तोंड दक्षिणेला. तशाच खिडक्या तिथे लावल्या असत्या तर हिवाळ्यातलं तिरपं ऊन थेट कागदावर आलं असतं.

म्हणून तिचे वास्तुविशारद स्टीव्हन हॉल यांनी स्टुडिओ मागे, उत्तरेला नेले, तिकडे कलती काच लावली आणि कँटीन, ऑफिसं पुढे ठेवली. शिवाय छतापासून खालपर्यंत काँक्रीटच्या तीन पोकळ नळ्या सोडल्या, १२ अंशांत कललेल्या. त्यांतून दक्षिणेचा उजेड आत खोलवर उतरतो आणि हवाही खेळती राहते. मॅकिंटॉशकडून घ्यायचं ते हेच होतं, दगड नव्हे. माझं हे ठाम मत आहे.

तुमची तक्रार मात्र मी उडवून लावणार नाही. मॅकिंटॉशच्या खिडक्यांपुढे लोखंडी ब्रॅकेट होते. काचा पुसणाऱ्यांची फळी टेकवायला ते उपयोगी पडत. पण त्या साध्या कामाच्या वस्तूलाही त्याने लोखंड पिळून सुंदर गाठीचं रूप दिलं होतं. हॉल यांच्या काचेवर नजर ठरेल असं काहीच नाही. रस्त्यावरून ती इमारत कोरडी वाटते, हे खरं.

पण एक लक्षात घ्या. ती एप्रिल २०१४मध्ये सुरू झाली आणि २३ मे रोजी समोरच्या मॅकिंटॉशच्या इमारतीला आग लागून तिथलं अप्रतिम ग्रंथालय गेलं. जून २०१८मध्ये तिथेच दुसरी आग लागली. भरल्या इमारतीसमोर उभी राहायला आखलेली ही वास्तू तुम्ही एकटीच पाहिलीत.

पुढच्या खेपेला भाचीबरोबर आत जाता आलं तर जरूर जा. तळमजल्यावर त्या नळीखाली उभे राहून वर बघा, आणि मग मला पुन्हा लिहा.