माळ घालायचीय, पण दुसऱ्या रात्री फिट येते

प्रश्न: डॉक्टर, मी तासगाव तालुक्यातली. आमचे मालक ४४ वर्षांचे, द्राक्षबाग आहे. दारूला १५ वर्षं झाली, आता सकाळी हात कापतात म्हणून उठल्या उठल्या एक नाइंटी लागतेच आणि दिवसभरात तीन क्वार्टर जातात. गेल्या आषाढीला माळ घातली न् दारू एका दिवसात सोडली, दुसऱ्या रात्री फिट आली, दातखीळ बसली. सासूबाई म्हणाल्या बाहेरचं आहे, अंगारा लावला. शेवटी पाव्हण्यांनी दोन घोट पाजले तेव्हा कुठं थरथर थांबली, माळ उतरली ती उतरलीच. यंदा परत घालायची म्हणतायत. ओळखीचा मेडिकलवाला म्हणतो लिब्रियम देतो, घरीच सुटते. चालेल का? आणि जेवणातून द्यायची पावडर मिळते म्हणतात, ती कशी?

उत्तर: ताई, बाहेरचं काही नव्हतं हो, आतली दारू संपली होती एवढंच. दारू मेंदूला गुंगी आणते, त्यामुळं मेंदू वर्षानुवर्षं जास्त जोर लावून जागं राहायला शिकतो, आणि दारू एका दिवसात काढली की तो जोर तसाच राहतो न् सगळं अंगच उसळतं. शेवटच्या घोटानंतर ६-८ तासांत थरथर, घाम, उलटी सुरू होते, फिट बहुतेक पहिल्या ४८ तासांत येते, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी काहींना भास होतात, म्हणजे अंगावर किडे फिरतायत म्हणून चादर झटकत बसणं, मेलेला चुलता दारात उभा दिसणं, ताप, बडबड, माणूस ओळखू न येणं. याला डेलिरियम म्हणतात आणि यात माणूस जाऊ शकतो. पाव्हण्यांनी दोन घोट पाजले ते लोक हसण्यावारी नेतात, पण थरथर त्यानंच थांबली, कारण मेंदू तेच मागत होता.

आता गोळीचं. मेडिकलवाल्यानं औषधाचं नाव बरोबर सांगितलंय, काम मात्र चुकीचं करतोय. लिब्रियम म्हणजे क्लोरडायझेपॉक्साइड, ते मेंदूला दारूसारखाच आधार देतं, पहिल्या दिवशी जास्त न् मग रोज कमी करत साधारण ५ ते ७ दिवसांत बंद करायचं असतं. डोस किती ते थरथर, नाडी, बीपी बघून ठरतं. लिव्हर खराब असेल, कावीळ असेल तर ही गोळी अंगात साठते, मग बऱ्याचदा लोराझेपाम देतात. गोळीवर दारू प्यायली तर श्वास मंदावतो, ते जीवावरचं असतं. म्हणूनच लिब्रियम शेड्यूल एच१ मध्ये, म्हणजे कायद्यानं कडक नियम लावलेल्या औषधांच्या यादीत आहे, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही आणि दुकानदाराला नोंद ३ वर्षं ठेवावी लागते. ओळखीवर दिली की पुढं दारू सुटते न् गोळी चिकटते, असे पेशंट दर महिन्याला माझ्यासमोर बसतात.

मालकांना आधी फिट येऊन गेलीय, म्हणून घरी सोडवायचा विषयच नको, ॲडमिटच करा. सांगली किंवा मिरजेच्या सिव्हिलला मानसोपचार विभागात दाखवा, साताऱ्याच्या बाजूला असाल तर परिवर्तन हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, माहितीसाठी १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी टोल फ्री नंबर आहे. तिथं जाईपर्यंत दारू एकदम बंद करू नका. हे लिहिताना मलाच विचित्र वाटतंय, पण खरंय ते. आणि फिट आली तर कुशीवर झोपवा, तोंडात चमचा-चप्पल काही घालू नका, १०८ लावा.

एक अजून, आपल्याकडं कुणी आडवं झालं की पहिलं वाक्य असतं ‘सलाइन लावा’. रोज पिणाऱ्याच्या अंगात बी१ म्हणजे थायामिन हे जीवनसत्त्व बऱ्याचदा फार कमी झालेलं असतं, अशात नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते, डोळे तिरळे होतात, चालताना झोक जातो, आठवण कायमची जाते. आधी थायामिनचं इंजेक्शन, मग ग्लुकोज. गावातल्या दवाखान्यात नेलंत तर ‘रोज पितात’ हे लाजेपायी लपवू नका.

पावडरचं स्पष्ट सांगते, नको. त्यात डायसल्फिराम असू शकतं. त्यावर दारू पडली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या, बीपी खाली, हार्टवाल्याचा तर जीवही जाऊ शकतो. ते पेशंटला सांगून, त्याच्या संमतीनंच द्यायचं, आणि बंद केल्यावरही दोन आठवडे असर राहतो. थरथरीवर त्याचा काडीचा उपयोग नाही. आठवडा पार पडला की परत पिऊ नये म्हणून नाल्ट्रेक्सोन, ॲकॅम्प्रोसेट असली औषधं आहेत, लिव्हर-किडनीच्या रिपोर्टवर डॉक्टर ठरवतील.

माळ घालू द्या की, मी कशाला अडवू. फक्त एकादशीच्या आठ-दहा दिवस आधी ॲडमिट करा, येताना गेल्या वर्षी फिट कधी, किती वेळ आली ते कागदावर लिहून आणा, आणि सासूबाईंनाही सोबत आणा, त्यांच्याशी मी बोलते.