सहावी ते आठवीला लेखन शिकवण्यासाठी शिक्षक-प्रशिक्षणाचं कोणतं साहित्य चांगलं, हे कसं ओळखायचं?

तुमच्या शाळेपुढे तीन पर्याय आहेत असं तुम्ही लिहिलंय: दीक्षा या सरकारी ऑनलाइन मंचावरचा एक मोफत कोर्स, एका खासगी कंपनीची दोन दिवसांची कार्यशाळा आणि एका संस्थेची छापील हस्तपुस्तिका. मुख्याध्यापकांनी निवड तुमच्यावर सोपवलीय आणि कशावरून निवडायचं ते कळत नाहीये. मी नागपुरात एकोणीस वर्षं याच वर्गांना मराठी शिकवतेय. अशी बरीच प्रशिक्षणं घेतली, त्यातली काही केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत इतर शिक्षकांपुढे मांडलीही. त्यावरून सांगते: साहित्य हातात आलं की आधी त्यात मुलाच्या वहीचं कच्चं पान शोधा.

कच्चं पान म्हणजे आदर्श निबंध नव्हे. मुलानं खरंच लिहिलेलं, चुकलेलं, चार ओळींत संपलेलं पान. आणि त्याच्या शेजारी, ते पान वाचून शिक्षक मुलाला काय म्हणाले आणि त्यानंतर मुलानं काय लिहिलं. ऐंशी पानांच्या पुस्तिकेत असं एकही पान नसेल, तर ती पुस्तिका चांगलं लेखन कसं असतं ते सांगते. ते तर आपल्याला माहीतच असतं. आपलं घोडं अडतं ते छप्पन्न वह्या समोर आल्यावर.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पोळा झाला, दुसऱ्या दिवशीची मारबतीची, म्हणजे वाईटाचं प्रतीक म्हणून काढतात त्या मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक झाली आणि मी सातवीला त्यावरच लिहायला सांगितलं. इतवारीकडून येणाऱ्या एका मुलानं लिहिलं: ‘मी मारबत पाहायला गेलो. खूप गर्दी होती. काळी मारबत आणि पिवळी मारबत आली. बडगे पण होते. खूप मज्जा आली. मग आम्ही घरी आलो.’ पूर्वी मी काय केलं असतं? ‘मज्जा’खाली लाल रेघ, खाली ‘वर्णन वाढव’ असा शेरा, सही, तारीख. वर्णन वाढवायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे मुलाला कुणी सांगितलेलंच नसतं. तो बिचारा आणखी एक ‘खूप’ घालून वही परत आणतो.

त्या दिवशी मी त्याला जवळ बोलावून एवढंच विचारलं, ‘तू उभा कुठं होतास?’

‘पानठेल्याच्या मागं, मॅडम. स्टुलावर. मले तं नुसतं मारबतीचं डोकंच दिसून राहिलं होतं. अन् बाबा खालून विचारत होते, आली का, आली का.’

म्हटलं, हेच लिही. दुसऱ्या खेपेला त्याचा निबंध स्टुलापासून सुरू झाला. मधे बाबांचा आवाज आला, आणि शेवटी ‘घेऊन जा गे मारबत’चा गजर पानठेल्याच्या पत्र्यावर कसा आदळत होता, तेही आलं. पान दीड भरलं. ‘मज्जा’ हा शब्द त्यात नव्हता आणि मी तो काढायलाही सांगितला नव्हता.

हा प्रश्न मला सुचला तो माझ्या हुशारीनं नाही. एका प्रशिक्षणात आम्हाला झेरॉक्सचे तीन कागद मिळाले होते. त्यावर मुलांचं लेखन होतं आणि समासात शिक्षकानं विचारलेले प्रश्न. कुठं होतास, आधी काय ऐकू आलं, कोण काय म्हणालं. त्या तीन कागदांनी माझं वह्या तपासणं बदललं.

याच्या उलट अनुभव एका महागड्या कार्यशाळेचा. कंपनीचं नाव सांगत नाही. छान हॉल, फाइल, पेन, दोन दिवस स्लाइड्सवर स्लाइड्स: सर्जनशीलतेची व्याख्या, निबंधाचे प्रकार, उत्तम निबंधाची लक्षणं. आम्ही चाळीस शिक्षक होतो आणि दोन दिवसांत आमच्यापैकी कुणीही एक परिच्छेद लिहिला नाही. मला याचं आजही वाईट वाटतं, कारण शाळेनं त्यासाठी वाचनालयाच्या पुस्तकांचे पैसे वळवले होते. अमेरिकेत बर्कलेला 1974 साली शिक्षकांचा एक लेखन प्रकल्प सुरू झाला, पुढे तो नॅशनल रायटिंग प्रोजेक्ट म्हणून देशभर पसरला. त्याच्या मुळाशी हाच विचार आहे की लेखन शिकवणाऱ्यानं स्वतः लिहिलं पाहिजे. कोऱ्या कागदापुढे बसल्यावर काय होतं हे आपण विसरलेलो असतो, म्हणून मुलाला ‘सुचत नाही’ म्हटलं की आपण रागावतो. तेव्हा तुमच्याकडे आलेल्या कंपनीला सरळ विचारा: दोन दिवसांत शिक्षक स्वतः किती मिनिटं लिहिणार? आणि ते लिहिलेलं कोण वाचणार? उत्तरात चाचपडले तर नमस्कार करून मोकळ्या व्हा.

हस्तपुस्तिका पाहताना व्याकरणाला किती पानं दिलीत ते मोजा. स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी 2007 मध्ये चौथी ते बारावीच्या लेखन-अध्यापनावरचे अनेक प्रयोग एकत्र करून तपासले होते. सर्वांत जास्त परिणाम दिसला तो दोन गोष्टींचा: लेखनाचा आराखडा करणं, मसुदा सुधारणं यांच्या रीती मुलांना उघडपणे करून दाखवून शिकवणं, आणि वाचलेल्याचा सारांश लिहायला शिकवणं. मुलांनी जोडीनं लिहिण्याचाही चांगला परिणाम होता. आणि व्याकरण वेगळं काढून, नियम आणि उदाहरणं असं शिकवण्याचा लेखनावर परिणाम उणे निघाला. ते प्रयोग मुख्यतः इंग्रजीतले, आपले ऱ्हस्व-दीर्घ आणि सामान्यरूपं त्यात नव्हती, हे लक्षात ठेवायचं. पण माझ्या वर्गातही हेच दिसतं. ‘स्टूल’चं ‘स्टुलावर’ होताना ऊकार ऱ्हस्व का झाला, हे त्या मुलाला त्याच्याच वाक्यात दाखवलं की राहतं. फळ्यावरचे दहा नियम राहत नाहीत.

आता आपल्याकडचा खास मुद्दा. त्या मुलाच्या तोंडी ‘दिसून राहिलं होतं’ होतं. आपल्या विदर्भातली पोरं असंच बोलतात: जाऊन राहिलो, करून राहिली. घरात वऱ्हाडी, गल्लीत हिंदी, पुस्तकात प्रमाण मराठी. साहित्य या तिढ्याबद्दल काय म्हणतं ते जरूर पाहा. बहुतेक ठिकाणी काहीच म्हटलेलं नसतं आणि उदाहरणांतली सगळी मुलं ‘मी सकाळी बागेत फेरफटका मारत होतो’ अशा भाषेत लिहितात. काही ठिकाणी बोली सरसकट चूक ठरवतात. माझं मत स्पष्ट आहे. पहिला मसुदा मुलाच्या भाषेत येऊ द्यावा, संवादात बोली तशीच ठेवावी आणि निवेदन प्रमाण भाषेत आणण्याचं काम शेवटच्या वाचनात मुलाबरोबर बसून करावं. पहिल्याच ओळीला ‘राहिलं’ खोडलं की पानठेलाही जातो, स्टूलही जातं, उरतं ते ‘खूप गर्दी होती’.

वर्ग किती मुलांचा धरलाय, तेही तपासा. माझ्या सातवीत छप्पन्न मुलं आहेत. एका वहीला आठ मिनिटं धरली तरी 448 मिनिटं, म्हणजे जवळजवळ साडेसात तास, तेही एकाच निबंधाचे. व्हिडिओत बावीस मुलं गोल टेबलांभोवती बसलेली असतील आणि बाई प्रत्येकाशी निवांत बोलत असतील, तर ते पाहून आपल्याला फक्त अपराधी वाटतं. चांगलं साहित्य या अडचणीवर तोडगा देतं: एका वेळी एकच गोष्ट तपासा, रोज आठ वह्या घ्या, मुलांना एकमेकांचं लेखन वाचून एक प्रश्न विचारायला शिकवा. हा भाग नसलेली पुस्तिका ऑगस्टपर्यंत कपाटात जाते.

मुख्याध्यापक बहुधा परीक्षेचं विचारतील आणि ते रास्तच आहे. दहावीच्या कुमारभारतीत, म्हणजे मराठीच्या पेपरात, पत्र-बातमीसारख्या उपयोजित लेखनाला 80 पैकी 24 गुण असतात. पण त्यासाठी सहावीपासून पत्राचे मायने आणि बातमीचे साचे घोटून घेणारं साहित्य निवडू नका. पत्राचा आराखडा दोन तासिकांत येतो. पत्रात लिहायचं काय, हे यायला तीन वर्षं लागतात, आणि ती नेमकी तुमच्या हातातली तीन वर्षं आहेत.

दीक्षाबद्दल थोडक्यात. नवीन शैक्षणिक धोरणानं शिक्षकांना वर्षाला 50 तासांचं प्रशिक्षण सुचवल्यापासून ऑनलाइन कोर्सची रेलचेल आहे. प्रमाणपत्र मिळतं म्हणून कोर्स निवडू नका, पण एक मोठा फायदा घ्या: तो आधी पूर्ण पाहता येतो. एका संध्याकाळी बसून पाहा की शेवटी तुम्हाला वर्गात काही करून पाहायला सांगितलंय, की नुसते बहुपर्यायी प्रश्न आहेत.

आणि तिन्हींपैकी काहीही घेण्याआधी प्रत्येकातला एक पाठ मागून घ्या. कंपनीकडूनही मागा, द्यायला हवा त्यांनी. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणजे जुलैचे तीन आठवडे हाताशी आहेत. वर्गातली पाच मुलं निवडा: दोन भरभरून लिहिणारी, दोन मधली आणि एक अजिबात न लिहिणारा. त्यांच्या आत्ताच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मग दर आठवड्याला एका साहित्यातला पाठ घ्या आणि त्याच पाच वह्यांचे पुन्हा फोटो काढा. मुख्याध्यापकांकडे जाताना तेच फोटो न्या आणि त्या न लिहिणाऱ्याचं पान सगळ्यात आधी दाखवा.