दूतावासाचा पहारा नेमका कुणाच्या हाती?

दोन देशांत खटके उडाले की दूतावासाबाहेरचे बॅरिकेड्स बातम्यांत झळकू लागतात. त्यावरून वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत.

प्रश्न : दूतावासाची जागा म्हणजे त्या देशाचीच भूमी, असं ऐकलं आहे. मग बाहेर यजमान देशाचे पोलीस कशाला?

हा समज जुना आहे आणि चुकीचाही. जमीन यजमान देशाचीच राहते, कायदाही त्याचाच चालतो. मात्र दूतावासप्रमुखाच्या संमतीशिवाय त्या देशाच्या पोलिसांना आत पाऊल टाकता येत नाही. १९६१ च्या व्हिएन्ना कराराचं कलम २२ हे सांगतं.

एप्रिल १९८४ मध्ये लंडनच्या सेंट जेम्स स्क्वेअरमधल्या लिबियाच्या वकिलातीतून निदर्शकांवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि बंदोबस्तावरची इव्हॉन फ्लेचर ही पोलीस शिपाई ठार झाली. तरीही ब्रिटिश पोलीस आत घुसले नाहीत. त्यांनी वेढा घातला, सरकारने संबंध तोडले आणि शेवटी आतल्या सगळ्यांना देशाबाहेर जाऊ दिलं. लोक संतापले, पण ब्रिटनचेही अधिकारी लिबियाच्या राजधानीत, त्रिपोलीत, बसले होतेच की! याउलट एप्रिल २०२४ मध्ये एक्वादोरच्या पोलिसांनी कीटोमधल्या मेक्सिकोच्या दूतावासात घुसून माजी उपराष्ट्राध्यक्ष होर्हे ग्लास यांना उचललं. मेक्सिकोने संबंध तोडले, आणि एरवी एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या लॅटिन अमेरिकी सरकारांनीही एक्वादोरचा निषेध केला.

प्रश्न : संबंध बिघडले म्हणून यजमान सरकार बंदोबस्त काढून घेऊ शकतं का?

कायद्याने नाही. संरक्षणाची ‘विशेष जबाबदारी’ यजमान देशावर आहे आणि ती संबंधांच्या गोडीवर अवलंबून नाही. पण किती पोलीस, किती बॅरिकेड्स, रस्ता बंद ठेवायचा की खुला, यातलं काहीच करारात लिहिलेलं नाही. फक्त ‘योग्य ती सर्व पावलं’ उचला, एवढंच म्हटलं आहे. रुसवेफुगवे दाखवायला सरकारांना मोकळीक मिळते ती इथेच.

डिसेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये उपमहावाणिज्यदूत देवयानी खोब्रागडे यांना अटक झाली, तेव्हा दिल्लीत अमेरिकी दूतावासाबाहेरचे काँक्रीटचे अडथळे हटवले गेले. १९ मार्च २०२३ रोजी लंडनमध्ये भारतीय उच्चायुक्तालयाच्या सज्जातला तिरंगा निदर्शकांनी उतरवला. तीन दिवसांनी दिल्लीत ब्रिटिश उच्चायुक्तालयाबाहेरचे बॅरिकेड्स गेले. त्याच दिवशी लंडनमध्ये पुन्हा निदर्शनं झाली, पण या वेळी पोलिसांचा फौजफाटा दारातच होता. संदेश पोहोचला, असंच म्हणायचं. माझं मत विचाराल तर रस्त्यातला अडथळा हटवणं हे नाराजी कळवण्याचं चालून जाणारं साधन आहे. दारावरचा सशस्त्र पहारा हटवणं नाही. पहिल्याने वाहतूक मोकळी होते, दुसऱ्याने माणसं मरू शकतात.

यजमान सरकारच्या इच्छेवर किती अवलंबून असतं, हे पाहायला तेहरानइतकं बोलकं उदाहरण नाही. अमेरिकी दूतावास १९७९ मध्ये एकदा नव्हे, दोनदा ताब्यात घेतला गेला. पहिल्यांदा १४ फेब्रुवारीला. तेव्हा इराणी क्रांतीनंतरच्या हंगामी सरकारच्या वतीने इब्राहिम याझदी धावून आले आणि काही तासांत हल्लेखोर बाहेर पडले. दुसऱ्यांदा ४ नोव्हेंबरला विद्यार्थी शिरले आणि या वेळी क्रांतीचे नेते खोमेनींनी त्यांची पाठ थोपटली. ५२ जण ४४४ दिवस ओलीस राहिले. आवार तेच, वर्षही तेच. बदलली होती ती सरकारची भूमिका. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९८० च्या निकालात हाच फरक नोंदवला: मुळातला हल्ला सरकारचा नसला तरी तो न रोखणं हा करारभंग होता, आणि सरकारने पाठराखण केल्यावर ओलीस धरणं हे सरकारचंच कृत्य ठरलं.

प्रश्न : मग आतले सशस्त्र रक्षक काय कामाचे? ते गोळीबार का करत नाहीत?

दारावर दोन-चार हजारांचा जमाव आला तर मूठभर रक्षक लढाई जिंकू शकत नाहीत. गोळी झाडली की उरलेली सहानुभूतीही जाते. त्यांचं काम वेळ काढण्याचं असतं: माणसं आतल्या सुरक्षित खोलीत न्यायची, गोपनीय कागद आणि यंत्रं नष्ट करायची, बाहेरून मदत येईपर्यंत दार लावून धरायचं.

२१ नोव्हेंबर १९७९ ला इस्लामाबादेत हेच घडलं. आदल्या दिवशी मक्केच्या मशिदीवर सशस्त्र टोळीने कब्जा केला होता, आणि त्यामागे अमेरिका आहे अशी अफवा उठली. जमावाने अमेरिकी दूतावास पेटवला. शंभरहून अधिक माणसं वरच्या मजल्यावरच्या पोलादी दाराच्या संदेश कक्षात कोंडून बसली. खालच्या आगीने पायाखालची फरशी तापून उचलू लागली, आत धूर भरला, आणि पाकिस्तानी लष्कर काही तास आलंच नाही. अखेर संध्याकाळी छताच्या झडपेतून सगळे बाहेर पडले. दोन अमेरिकी आणि दूतावासातले दोन पाकिस्तानी कर्मचारी दगावले. भिंत टिकली म्हणून बाकीचे वाचले, पण ती आणखी किती टिकली असती याचा विचार केलेला बरा.

कागद नष्ट करणंही वाटतं तितकं सोपं नाही. तेहरानमध्ये यंत्रातून निघालेल्या कागदाच्या पट्ट्या विद्यार्थ्यांनी चिकाटीने जुळवल्या आणि ती कागदपत्रं छापून विकली.

बॉम्बने भरलेल्या वाहनांचा प्रश्न वेगळा. तिथे अंतर कामी येतं. बैरूतमध्ये एप्रिल १९८३ ला अमेरिकी दूतावासावरच्या स्फोटात ६३ जण गेले. त्यानंतर इमारत रस्त्यापासून शंभर फूट आत हवी, अशी शिफारस झाली. तरी १९९८ मध्ये वाहनबॉम्बने उडवली गेलेली नैरोबीतली अमेरिकी दूतावासाची इमारत रस्त्याला लागूनच होती.

प्रश्न : अधिकाऱ्यांची हकालपट्टी झाली की दूतावासात उरलेल्यांचं काय होतं?

काम तेवढंच, हात कमी. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर भारताने दिल्ली आणि इस्लामाबाद इथल्या दोन्ही उच्चायुक्तालयांतली कर्मचाऱ्यांची संख्या ५५ वरून ३० वर आणायची ठरवली. असं झालं की व्हिसा, अडचणीतले नागरिक, कोठडीतले कैदी या कामांना आधी कात्री लागते. सुरक्षेचं काम कमी करता येत नाही.

सगळ्यात बिकट अवस्था स्थानिक कर्मचाऱ्यांची. त्यांना राजनैतिक कवच जवळपास नसतं, घर त्याच शहरात, आणि सरकारला कुणावर दबाव आणायचा तर तेच सर्वांत सोपे. १९८६ मध्ये मॉस्कोने अमेरिकी दूतावासातले सोव्हिएत कर्मचारी एका फटक्यात काढून घेतले, तेव्हा अधिकाऱ्यांनाच गाड्या हाकाव्या लागल्या आणि झाडूही मारावा लागला. ते सोव्हिएत कर्मचारी किमान सुखरूप होते.

प्रश्न : संबंधच तुटले तर इमारतीचं काय?

कलम ४५ नुसार यजमान देशाने ती सांभाळायची, अगदी युद्ध पेटलं तरी. देखभाल तिसऱ्या देशाकडे सोपवता येते. इराणमध्ये अमेरिकेचं काम १९८० पासून स्वित्झर्लंड पाहतो. जुन्या अमेरिकी दूतावासात मात्र आज संग्रहालय आहे.

प्रश्न : मुलगी अशाच तणावाच्या देशात शिकते आहे. गडबड झाली तर तिने दूतावासात धाव घ्यावी का?

बोलावल्याशिवाय नाही. गर्दी जमते ती तिथेच, आणि अशा वेळी दारं बंद असतात. तिने आत्ताच आपल्या दूतावासाकडे नाव, पत्ता, स्थानिक आणि घरचा फोन नोंदवून ठेवावा. सुटकेची विमानं ठरतात तेव्हा यादीत नसलेल्या माणसाला शोधण्यातच वेळ जातो. पासपोर्टची मुदत तपासा, व्हिसाच्या पानाची प्रत वेगळी ठेवा, थोडी रोकड हाताशी असू द्या. पदवीची प्रमाणपत्रं स्कॅन करून तुमच्याकडेही ठेवा. दूतावास आपल्या अधिकाऱ्यांच्या कुटुंबीयांना परत पाठवत आहे अशी बातमी आली, तर परीक्षेची तारीख बघत बसू नका. तिकीट मिळतं आहे तोवर तिला निघायला सांगा.