पाळणाघराचे चार तास

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

बाळ सात महिन्यांचं झालं, आता घरोघरी जाऊन कुटुंबांचे फोटो काढायच्या धंद्यासाठी कॅमेरा पुन्हा हातात घ्यायचाय, दोन्ही जमेल का, असं विचारलंस. जमेल. पण तू अडचण भलत्याच ठिकाणी शोधते आहेस. शूटला दीड तास लागतो. तेवढा वेळ बाळ कुणीही सांभाळतं. घर खातं ते शूटनंतरचं काम. रात्री दहाला बाळ निजलं की लॅपटॉप उघडायचा, दीडला मिटायचा, तीनला पुन्हा दूध. असे दोन महिने गेले की कॅमेऱ्याची बॅगसुद्धा डोळ्यांसमोर नको होते. म्हणून आधी तास मोज, मग दर ठरव. लेन्स कुठली घ्यायची हा प्रश्न तिसरा.

एका घरगुती शूटचा हिशेब मांडून बघ. फोटो काढायला दीड तास. जाणं-येणं, सामान मांडणं-आवरणं दोन तास. आधीचे फोन, ‘ही साडी बरी की ती’ असे व्हॉट्सॲपवरचे फोटो, मिळून एक तास. मेमरी कार्ड कॉपी करणं आणि छाटणी, म्हणजे बरे फोटो निवडून बाकीचे बाजूला काढणं, दीड तास. चाळीस फोटोंचं एडिटिंग, प्रत्येकी पाच मिनिटं, म्हणजे जवळजवळ साडेतीन तास. अल्बमची मांडणी, त्यातले बदल, पाठवणी दीड तास. झाले अकरा. त्यातले साडेतीन घराबाहेरचे, साडेसात खुर्चीतले. पाळणाघर रोज चार तास, आठवड्याला पाच दिवस धरलं तर वीस तास मिळतात. दोन शूटचे पंधरा गेले. उरलेले पाच हिशेबाला, चौकशीच्या फोनना आणि लसीनंतरच्या तापाला. म्हणजे आठवड्याला दोन शूट ही तुझी कमाल मर्यादा. ते शनिवार-रविवारी सकाळी घे, तेव्हा बाळ बाबाकडे. पाळणाघराचे तास फक्त एडिटिंगला ठेव. याच्या उलट केलंस की एडिटिंग आपसूक रात्रीवर जातं, आणि बहुतेक जणी इथेच फसतात.

आता पैसे. आठवड्याला दोन म्हणजे महिन्याला आठ, पण ताप, सणवार आणि रद्द झालेल्या तारखा वजा करून सहाच धर. समजा पाळणाघर ८,००० रुपये. कॅमेरा, दोन लेन्स आणि फ्लॅश मिळून अडीच लाखांचे, पाच वर्षं चालतील असं धरलं तर महिन्याची झीज साधारण ४,२००. सॉफ्टवेअर, हार्ड डिस्क, विमा २,०००. बॅटऱ्या, दुरुस्ती १,०००. प्रवास प्रत्येकी ४०० प्रमाणे २,४००. बेरीज १७,६००. सहाने भागलं की एका शूटमागे जवळजवळ २,९५० रुपये नुसता खर्च. ‘ओळखीतल्या आहेत, तीन हजार घेते’ म्हणालीस, म्हणजे अकरा तास काम करून पन्नास रुपये मिळवलेस. स्वतःला महिन्याला तीस हजार हवे असतील तर दर आठ हजारांच्या खाली येत नाही. तुझ्या घरचे आकडे घालून हेच पुन्हा कर. पाळणाघराची फी मात्र धंद्याच्या खर्चात घाल. ती घरखर्चात धरली की कुणीतरी हमखास म्हणतं, तिची कमाई पाळणाघरातच जाते. आणखी एक: सव्वीस आठवड्यांची पगारी प्रसूती रजा नोकरदार बाईला मिळते, स्वतःचा धंदा करणारीला नाही. दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर ती रजाही या दरातूनच साठवावी लागते.

रात्रीच्या एडिटिंगबद्दल एक तांत्रिक गोष्ट, कारण तिचा गोंधळ थेट प्रिंटवर उतरतो. बाळ शेजारी निजलेलं, खोलीत अंधार. अंधारात स्क्रीन आहे त्याहून उजळ वाटतो, म्हणून आपण फोटो थोडे गडद ठेवतो. त्यात नाइट मोड चालू असला तर स्क्रीन पिवळसर, मग आपण फोटो निळसर करतो. लॅबमधून अल्बम येतो तेव्हा सगळ्यांचे चेहरे काळवंडलेले आणि आजारी, आणि आपण लॅबशी भांडतो. रात्री फक्त छाटणी कर, कारण डोळे मिटलेत का आणि फोकस बसलाय का हे कुठल्याही उजेडात कळतं. रंग दिवसा. पहिल्या अल्बमच्या आधी लॅबमधून चार फोटोंच्या चाचणी प्रिंट काढून स्क्रीनशेजारी धरून बघ. आपल्याकडे अल्बमला बारा बाय छत्तीस इंचांचं पान चालतं. त्याची घडी बरोबर मध्ये येते, तेव्हा तिथे कुणाचं नाक येऊ देऊ नको.

वेळेचं म्हणशील तर या धंद्यात संध्याकाळच्या सोनेरी उन्हाचं फार कौतुक आहे. पुण्यात डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, जूनमध्ये सव्वासातच्या आसपास. नेमक्या तिन्हीसांजेला लहान मूल किरकिरतं, गिऱ्हाइकाचं तिथे आणि तुझं घरी. मोठी माणसं असतील तर संध्याकाळ घे. चार वर्षांच्या आतलं मूल असेल तर सकाळच. जानेवारीत सूर्य सातनंतर वर येतो, तेव्हा साडेसात ते पावणेनऊ. ऊन तेवढंच कोवळं, मूल झोपून उठलेलं, पोटात काहीतरी गेलेलं, आणि तू दहाच्या आत घरी. बागेत जायचं असेल तर मोठ्या कॅमेऱ्याला परवानगी लागते का, हे आदल्या आठवड्यातच विचार. दारावर रखवालदाराशी हुज्जत घालताना पहिली पंधरा मिनिटं जातात.

घरातल्या शूटला खिडकी हाच तुझा मुख्य दिवा. आत शिरलीस की आधी सगळे दिवे बंद कर. पिवळा बल्ब, पांढरी ट्यूब आणि खिडकीचा निळसर उजेड एकाच चेहऱ्यावर पडला तर तो कुठल्याच सॉफ्टवेअरने धड सुधारत नाही. ट्यूब लावावीच लागली तर शटर १/१०० सेकंदावर ठेव. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. १/५०० ला एक फोटो उजळ, पुढचा पिवळा, तिसऱ्यात काळा पट्टा. पण १/१०० ला धावतं मूल हलतं. तेव्हा फ्लॅश छताकडे वळव. भिंतीकडे नको; आपल्याकडे हॉलची एक भिंत हमखास पोपटी नाहीतर केशरी असते आणि तो रंग गालावर उतरतो.

मोठ्या कुटुंबाचा फोटो सगळ्यात आधी, पहिल्या दहा मिनिटांत. नंतर काका चहाला जातात आणि मुलाच्या सदऱ्यावर काहीतरी सांडतं. एक रांग असेल तर ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ ४, दोन-तीन रांगा असतील तर ५.६ किंवा ८, आणि रांगा एकमेकींना चिकटून. ३५ मिलिमीटरहून रुंद लेन्स घेऊ नको. कडेला उभी असलेली आत्या दीडपट दिसते, आणि ते ती विसरत नाही. आजोबांच्या चष्म्यात खिडकी चमकत असेल तर चष्मा काढायला लावू नको, चष्म्याशिवाय ते वेगळेच दिसतात. काड्या कानावरून जराशा उचल, काच किंचित खाली झुकते आणि चमक जाते. बारा माणसं असतील तर कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून निदान आठ फ्रेम घे. कुणाचे तरी डोळे मिटलेले असतातच, ते डोकं शेजारच्या फ्रेममधून आणता येतं. कुणाकुणाचे जोडफोटो हवेत याची यादी आधी मागव आणि आठावर थांबव. एका जोडीला तीन मिनिटं जातात आणि लहान मुलाची सहनशक्ती पंचवीस मिनिटांत संपते.

तान्ह्या बाळाचे फोटो माहेरीच होतात, बाळंतीण तिथेच असते. वेळ विचारताना ‘अंघोळ किती वाजता’ असं विचार. मालिश, अंघोळ, धुरी झाली की बाळ दोन तास गाढ झोपतं. तीच तुझी वेळ. मालिशनंतर पण अंघोळीच्या आधी गेलीस तर तेलाने कपाळ चकाकतं. पंखा बंद ठेव, हात धुऊन घे, आणि हनुवटी हातांवर टेकवलेली ती प्रसिद्ध पोज कुणी मागितली तर समजावून सांग, की ती दोन फोटो जोडून करतात. प्रत्येक फोटोत बाळाचं डोकं कुणीतरी धरलेलं असतं आणि तो हात नंतर पुसला जातो. गालावरची तीट मात्र पुसू नको. सॉफ्टवेअर तिला डाग समजतं. आजीने ती मुद्दाम लावलेली असते आणि फोटोत ती आधी तीटच शोधते. तुला स्वतःला सर्दी असेल तर जाऊच नको. पाळणाघरात मूल घातलं की पहिल्या वर्षी सर्दी घरातच मुक्काम करते, म्हणून तुझ्या तोडीच्या दोन जणींशी आधीच बोलून ठेव: तुझी तारीख ती घेईल, तिची तू. तसं करारातही लिही.

बोरन्हाणाचं विचारलंस ते नीट सांगते, कारण जानेवारीत तुला तेच काम जास्त येईल. संक्रांत ते रथसप्तमी एवढाच काळ, त्यातले रविवार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आमंत्रणं संध्याकाळची जातात. तू चार वाजताचा आग्रह धर आणि पाट बाल्कनीच्या दाराशी मांडायला सांग. काळं झबलं आणि त्यावर पांढरे हलव्याचे दागिने, यात कॅमेरा फसतो. त्याला काळं दिसलं की तो सगळं उजळवतो आणि हलवा सपाट पांढरा होऊन दाणे दिसेनासे होतात. एक्सपोजर पाऊण ते एक स्टॉप खाली घे, म्हणजे उजेड जवळजवळ निम्मा कर. दागिने घातल्या घातल्या बाळाचे एकट्याचे फोटो उरक, कारण पाच मिनिटांत हार तुटतो आणि बाजूबंद तोंडात जातो. प्रत्यक्ष बोरं ओतायची वेळ आली की जमिनीवर पोटावर झोप, लेन्स बाळाच्या डोळ्यांच्या उंचीला. शटर १/१०००, फोकस डोळ्यांवर, कॅमेरा सलग फ्रेमवर. इथे फ्लॅशच्या भरवशावर राहू नको, सेकंदाला आठ-दहा वेळा तो पेटत नाही. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, ६४०० गेला तरी चालेल. खरी अडचण वेगळीच आहे. बोरं, उसाचे करवे, चुरमुरे, गोळ्या खाली पडल्या की सोसायटीतली सगळी पोरं एकदम वाकतात, आणि चौथ्या सेकंदाला तुझ्या फ्रेममध्ये फक्त पाठी उरतात. म्हणून आधीच ठरवून घे: पहिलं माप एकट्या आजीने ओतायचं, सावकाश, थोडं मागून, पोरं पाच पावलं लांब. ‘आता लुटा’ हे तू म्हणशील तेव्हाच. बाळ दचकून रडलं तर तेही टिप, पण दुसऱ्या मापाचा आग्रह धरू नको. आणि फुटाणा किंवा गोळी बाळाच्या तोंडाकडे जाताना सगळ्यात आधी तुलाच दिसेल. तेव्हा फोटो राहू दे, हात पुढे कर.

तू अंगावर पाजते आहेस, म्हणून घरातून निघायच्या अगदी आधी पाज आणि साडेतीन तासांहून जास्त घराबाहेर राहावं लागेल असं काम सध्या घेऊ नको. काढलेलं ताजं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास, बर्फाचे पॅक घातलेल्या इन्सुलेटेड पिशवीत चोवीस तास, फ्रिजमध्ये चार दिवस चालतं. एप्रिलमधली गाडीची डिकी म्हणजे खोली नव्हे. कॅमेरा आणि मोठी लेन्स मिळून दीड किलोच्या घरात जातात; पट्टा एका खांद्यावर नको, आडवा घाल, आणि वाकण्याऐवजी गुडघ्यावर बस.

रांगतं मूल आणि कॅमेऱ्याचं सामान एका घरात असलं की बटणासारखे चपटे सेल आधी शोध. रिमोटमध्ये असतात. असा सेल गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. शंका आली तरी सरळ दवाखाना गाठायचा. पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरू नये म्हणून हवाबंद डब्यात सिलिका जेल ठेवतो, तो डबा आणि त्यातल्या पुड्या वरच्या फळीवर. लाइट स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी, तुझ्याही घरी आणि गिऱ्हाइकाच्याही. कार्ड मात्र दोन ठिकाणी कॉपी झाल्याशिवाय पुसायचं नाही, मग पाळणाघरातून कितीही फोन येवोत.

शेवटचं, करार. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या सतराव्या कलमाप्रमाणे पैसे देऊन काढवून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळं काही ठरलं नसेल तर, काढवून घेणारा असतो. तू नव्हे. तेव्हा कुठले फोटो तुझ्या इंटरनेटवरच्या पानावर टाकायचे ते लेखी घे, आणि मुलाचा चेहरा असेल तर आईबाबांचा होकार वेगळ्या ओळीत. निम्मी रक्कम आधी, मूल आजारी पडलं तर तारीख एकदा मोफत बदलून, फोटो एकवीस दिवसांत. सात दिवस कबूल करू नको. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या पुढे जाईपर्यंत जीएसटीची चिंता नको, पण वही पहिल्या दिवसापासून.

दरपत्रक आणि कराराचा कच्चा मसुदा लिहून पाठव. मोबाईलवर नको, प्रिंट काढून, बाजूला चांगली दोन बोटं समास सोडून.

तुझी,
ताई