आरसे कोणी काढले ते आधी बघ

अगं, व्हिक्टोरियन कादंबरीतल्या आजारी बायकांवरचा तुझ्या प्रबंधाचा ड्राफ्ट काल रात्री वाचला, खरं तर दोनदा वाचला. मेहनत दिसतेय, पण पहिल्याच पानावर तू लिहून मोकळी झालीस की व्हिक्टोरियन कादंबरीतली आजारी बाई म्हणजे दबलेल्या स्त्रीचं प्रतीक. झालं, मग पुढची पानं मी वाचू कशाला? गिल्बर्ट आणि गुबार या दोघी समीक्षकांनी 1979 मध्ये माळ्यावरच्या वेड्या बाईवर ते जाडजूड पुस्तक लिहिलं, तेव्हापासून सगळे हेच म्हणतायत. चूक नाहीये ते, पण त्यात तुझं काय?

सात कादंबऱ्यांची यादी काढून टाक. एकच आजारपण घे आणि त्याच्या उशाशी बसून राहा. माझं ऐकशील तर डिकन्सच्या 'ब्लीक हाउस'मधली एस्थर घे.

'जो' नावाचा रस्ता झाडणारा पोरगा आजारी पडतो, त्याच्याकडून रोग एस्थरच्या छोट्या मोलकरणीला, चार्लीला लागतो, आणि चार्लीची सेवा करताना एस्थरला. डिकन्स रोगाचं नाव घेतच नाही, बहुतेक वाचक देवीचा रोग समजतात (1853 मध्ये कादंबरीचे हप्ते संपले आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये बाळांना देवीची लस सक्तीची झाली, हे फुटनोटमध्ये टाक, त्यावर चॅप्टर नको). तिची काही दिवस दृष्टी जाते. तापात तिला वाटतं की आपण एकाच वेळी लहान मुलगी, मोठी मुलगी आणि घर सांभाळणारी बाई आहोत, आणि अंधारात एक जळती माळ आहे, तिच्यातला आपण एक मणी, आणि मला या माळेतून काढा म्हणून ती विनवण्या करते! आता आठव, शुद्धीवर असताना लोक तिला काय म्हणतात? 'म्हातारे', 'डेम डर्डन', म्हणजे विशीतल्या पोरीला सगळं घर लाडाने म्हातारी करून टाकतं आणि तीही हसून चालवून घेते. तापातच काय ती तक्रार करते. हे तुझ्या ड्राफ्टमध्ये कुठंय?

मग बरी होताना तिच्या लक्षात येतं की खोलीतले आरसे गायब आहेत. ती काही बोलत नाही. नंतर दुसऱ्याच्या घरी, एकटी असताना, आरशावरचा मलमलीचा पडदा सारते, तर समोर आधी तिचेच मोकळे केस येतात, ते बाजूला करते आणि बघते. चेहरा नेमका कसा झालाय ते आपल्याला सांगत नाही, फक्त फार बदलला एवढंच.

आणि पुढे लेडी डेडलॉक, मीच तुझी आई, असं सांगते तेव्हा एस्थरला पहिलं काय वाटतं? बरं झालं आईशी मिळताजुळता चेहरा गेला, आता माझ्यामुळे आईची बदनामी होणार नाही. मला हे वाक्य अजून पचलेलं नाही. म्हणजे आजाराने रूप नेलं एवढंच नाही, ती कोणाची मुलगी याचा पुरावाच नेला, आणि ती आभार मानतेय. तुझा चॅप्टर इथे आहे बघ.

तुलनेला फार तर एमिली ब्राँटेच्या 'वुदरिंग हाइट्स'मधली कॅथरीन ठेव. तिलाही तापात आरशातला चेहरा आपला वाटत नाही, पण ते आपल्याला घरातली नोकर नेली सांगते, आणि नेलीला ती नाटक करतेय असं वाटत असतं. एस्थरचं आजारपण एस्थरच सांगते. कोण सांगतंय याने किती फरक पडतो ते नीट मांड. विल्की कॉलिन्सच्या 'वुमन इन व्हाइट'चा मोह होईल, तिथे तर लॉरासारख्याच दिसणाऱ्या आजारी अ‍ॅनला लॉराच्या नावाने पुरतात आणि जिवंत लॉरा वेड्यांच्या इस्पितळात, पण तो दुसरा पेपर आहे, आत्ता नको.

आणि हो, शेवट परत वाच. नवरा, तोही डॉक्टर, म्हणतो की तू आधीपेक्षा सुंदर दिसतेस. त्यावर एस्थर हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही, अर्धं वाक्य लिहून थांबते आणि कादंबरी तिथेच संपते. तू लिहिलंयस की 'शेवटी तिला तिचं सौंदर्य परत मिळतं'. ते वाक्य खोड आणि शुक्रवारी ये.