ठग, ठकवणे आणि विसरलेली भावंडं

प्रश्न दोन आहेत. 'बँकेचा अधिकारी असल्याचे भासवून वृद्धाला ठगवले' अशी वाक्ये बातम्यांत येतात, तर 'ठगवणे' मराठी आहे का? आणि वाटसरूंचे गळे आवळून लुटणाऱ्या टोळ्यांतल्या बेहराम ठगाला 'जगातला सर्वांत मोठा सीरियल किलर' म्हणतात, तेव्हा ठग म्हणजे फसवणारा समजायचा की खून पाडणारा?

पहिल्याचे उत्तर चटकन देतो. मराठी क्रियापद 'ठकवणे'. 'ठगवणे' म्हणजे हिंदी 'ठगना'ला मराठी शेपूट. ठकवणे, गंडवणे, नाडणे, टोपी घालणे असा भरला संसार घरात असताना ही उसनवारी कशासाठी, ते बातम्या लिहिणाऱ्यांनाच ठाऊक.

दुसऱ्याचे उत्तर जास्त रंगतदार आहे. ठग म्हणजे मुळात झाकणारा, लपवणारा. संस्कृत धातू 'स्थग्', अर्थ झाकणे. त्यावरून 'स्थग' म्हणजे लबाड, आतले बाहेर दिसू न देणारा. 'स्थगी' म्हणजे विड्याचा डबा, कारण त्याला झाकण असते. न्यायालयाची स्थगिती आणि स्थगित झालेली बैठक ही याच घरातली. स्थान-ठाणे या जोडीत दिसतो तोच 'स्थ'चा 'ठ' इथेही आहे.

यावर एक पक्ष म्हणतो की ठग हा देशी, म्हणजे संस्कृतातून न आलेला शब्द, आणि 'स्थग' हे पंडितांनी मागाहून त्याला नेसवलेले सोवळे. त्यांचा मुद्दा असा की प्राकृतात दोन स्वरांमधला 'ग' गळतो, मग इथे तो टिकला कसा? मुद्दा बिनतोड दिसतो, पण नियमाला अपवाद दिसला की शब्दाची जातच बदलायची ही घाई झाली. धंद्याचे शब्द गावोगाव फिरतात, तोंडात ठसक्याने येतात, आणि त्यांतले व्यंजन दुणावते. 'ठग्ग' झाले की 'ग' गळायचे कारण उरत नाही. मराठीत तो पुढे 'क' झाला. शिवाय देशी म्हणून हात झटकले की अर्थाचा उलगडा काहीच होत नाही. स्थग् धरला की सगळा होतो.

कसा, ते ठगांच्या पद्धतीत पाहा. टोळी वाटसरूंना गाठून सोबत म्हणून चालू लागे आणि कधी कधी कित्येक दिवस चालत राही. गोड बोलून विश्वास मिळवणारा तो 'सोथा'. गळा आवळणारा 'भुरतोट', हात धरून ठेवणारा 'शमसिया', खड्डा खणणारा 'लुघा'. इशाऱ्याला 'झिरनी' म्हणत. तो 'तमाखू लाओ' यासारख्या साध्या वाक्यात दडवलेला असे. हत्यार म्हणजे रुमाल: रक्त सांडत नाही, आरडाओरड होत नाही आणि झडतीत सापडला तर तो रुमालच. खड्डे बऱ्याचदा आधीच तयार. प्रेत फुगले की वरची माती उचलली जाते, भेगा पडतात, कोल्हे उकरतात. म्हणून पुरण्याआधी पोटावर वार करत. एवढा खटाटोप मारण्यासाठी लागत नाही, झाकण्यासाठी लागतो. आणि वाटसरू महिनोन्महिने घराबाहेर राहण्याचा तो काळ असल्याने, माणूस हरवला हे घरच्यांना कळेपर्यंत टोळी तीन संस्थाने ओलांडून गेलेली असे.

ही सगळी परिभाषा आपल्याला मिळाली ती एका पोलिसी कोशामुळे. ठगी मोडून काढणारा इंग्रज अधिकारी विल्यम स्लीमन याने ठगांच्या 'रामसी' बोलीचा शब्दसंग्रह १८३६ साली कलकत्त्यात छापला. त्याच्या इंग्रजी स्पेलिंगवरून मागे येताना उच्चार इकडेतिकडे होणार, पण एक शब्द बघाच: सावज ठरलेल्या वाटसरूला ते 'बुनिज' म्हणत. म्हणजे माल. वाणिज्य, वणिज यांचा सख्खा.

त्याच स्लीमनच्या हाती १८३० च्या सुमारास फिरंगिया हा ठगांचा जमादार, म्हणजे टोळीचा नायक, लागला. त्याची आई, बायको आणि मूल आधीच अटकेत होते. जीव वाचवण्यासाठी तो माफीचा साक्षीदार झाला आणि मध्य भारतातल्या सागर शहराच्या वाटेवर सलोहदा गावाजवळच्या आमराईत त्याने प्रेते पुरल्याच्या तीन जागा दाखवल्या. स्लीमनचा मुक्काम तिथेच पडला होता. एका पंडिताची आणि त्याच्या सहा सोबत्यांची प्रेते निघाली ती स्लीमनच्या तंबूच्या दोरांमध्ये. दुसरी घोड्यांच्या पायांखाली, तिसरी तंबूच्या आत. रात्रभर वर माणसे झोपली आणि जमिनीवर खूण म्हणून नव्हती. स्थग् धातूचे याहून चांगले उदाहरण कोणत्याही कोशात मिळणार नाही.

आता भावंडांकडे. स्थग् संस्कृत-लॅटिनच्या पूर्वजभाषेतल्या ज्या आद्य धातूशी जोडतात, त्याच्याच कुळात लॅटिन 'टेगेरे', झाकणे. त्याला 'डे' लागला की झाकण काढणे. त्यातून आले 'डिटेक्ट' आणि 'डिटेक्टिव'. झाकणारा तो ठग, उघडणारा तो डिटेक्टिव, आणि दोघे एका रक्ताचे! संस्कृतातल्या 'थ'चा महाप्राण, म्हणजे त्यातला हकार, या जोडणीत खटकतो असे काही भाषाशास्त्री कुरकुरतात. कुरकुरू द्या, अर्थ तंतोतंत जुळतो. ठगी आणि दरोडे निवारणाचे खाते १९०४ साली बंद करून त्याजागी केंद्रीय गुन्हे अन्वेषण खाते आणले, तेव्हा सरकारने नकळत एका भावाची पाटी काढून दुसऱ्याची लावली.

बेहराम राहिला. त्याच्या नावावर ९३१ खून टाकणारे लेख फिरत असतात. हा आकडा तो ज्या खुनांच्या वेळी हजर होता म्हणतात त्यांचा आहे. कॅप्टन जेम्स पेटनने नोंदवलेल्या जबानीत बेहराम म्हणतो: स्वतःच्या हातांनी सव्वाशेच्या आसपास आवळले असतील, आणखी दीडशे आवळताना पाहिले असतील. सव्वाशे काही थोडे नव्हेत, पण ९३१ खासच नव्हेत. आणि 'सीरियल किलर' हा शब्द डोक्यात आणतो तो एकटा, आतल्या ओढीने मारणारा माणूस. १९३० साली बर्लिनचा पोलीस अधिकारी एर्न्स्ट गेनाट याने त्या अर्थाचा जर्मन शब्द वापरला तो ड्युसेलडॉर्फच्या खुनी पेटर क्यूर्टनसाठी. बेहरामची टोळी हंगामात निघे, हुद्दे वाटून घेई, लुटीचे हिस्से करी. १८३६ च्या कायद्यानेही हेच ओळखले: अमुक खून केला हे सिद्ध करायची गरज ठेवली नाही, ठगांच्या टोळीत होता एवढे पुरे, शिक्षा जन्मठेप आणि सक्तमजुरी.

चौदाव्या शतकातल्या झियाउद्दीन बरनीच्या इतिहासात दिल्लीचा सुलतान जलालुद्दीन खिलजी याने हजारभर ठग पकडून होड्यांतून बंगालकडे सोडल्याची नोंद आहे. तिच्यावरून गळे आवळणारा पंथ तेराव्या शतकात होता असे बेधडक सांगतात. नोंदीत शब्द आहे, रुमाल नाही. ते नुसते लबाड किंवा चोर असू शकतात.

दख्खनेत आणि दक्षिणेत या लोकांना ठग न म्हणता 'फासेगार' म्हणत. पाश, फास, फाशी हीच साखळी. म्हणजे त्यांचे हत्यार आणि त्यांना मिळालेली शिक्षा एकाच शब्दाची. फासेपारध्यांना मात्र यात ओढू नका. त्यांचा फासा तितर-लाव्यांसाठीचा, आणि नावातल्या साम्यावरून एका जमातीला खुनी ठरवणे हा व्युत्पत्तीचा अडाणीपणा आहे.