संध्याकाळी सहाला सुरू होणारं रडणं

«ताई, लेक ७ आठवड्यांची आहे. रोज संध्याकाळी सहाला सुरू होते ती नऊपर्यंत रडते. सासूबाई म्हणतात, तुझं दूध पुरत नाही, एवढ्या उन्हात लेकराला तहान लागते, चमचाभर पाणी दे, गुटी दे. मला आई नाही, बाळंतपण सासरीच झालं. दीड महिन्याच्या लसीला वजन ४ किलो भरलं, जन्माचं २ किलो ८०० होतं. दिवसाला सात-आठ दुपटी ओली होतात. मी कमी पडते का?»
– एक आई, सोलापूर

अगं, तुझ्या प्रश्नाचं उत्तर तूच शेवटी लिहिलंयस. ६ आठवड्यांत १२०० ग्रॅम वाढलेलं आणि सात-आठ दुपटी भिजवणारं बाळ उपाशी नसतं. दूध पुरतं की नाही हे वजनाच्या काट्यावर आणि दोरीवर वाळणाऱ्या दुपट्यांवर कळतं, रडण्यावर नाही. हे रडणं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात वाढू लागतं, सहाव्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. तू नेमकी त्या चढावर आहेस.

आता पाण्याचं. सोलापूरचा एप्रिल मला माहीत आहे, पारा चाळिशीपार जातो, सासूबाईंचा जीव कळवळतो तो उगाच नाही. पण आईच्या दुधात १०० भागांतले ८७-८८ भाग पाणीच असतं. वरचं पाणी दिलं की इवलंसं पोट त्यानंच भरतं, बाळ कमी ओढतं, आणि कमी ओढलं की दूधही कमी बनतं. शिवाय जुलाबाची भीती. म्हणून ६ महिने पाणी नाही, गुटी नाही, बोटावरचा मधही नाही; मध तर वर्षभर नको. ऊन वाढलं की पाजण्याच्या वेळा वाढव, आणि पाणी तू पी. संध्याकाळी तासाभरात तीनदा मागितलं तरी पाज. मुठी चोखणं, मान वळवून तोंडानं शोधणं ही भुकेची पहिली खूण. रडेपर्यंत थांबू नकोस.

आणखी एक, पत्रात नसलेलं. आपल्याकडे बाळाला जाड चादरीत गच्च गुंडाळून, टोपडं घालून निजवतात. या दिवसांत ते नको. एक सुती झबलं पुरे, पंखा चालू असू दे, निजवायचं ते पाठीवरच. न्हाणं झाल्यावर धुरीही देऊ नका, त्या छोट्या छातीला धूर सोसत नाही.

मात्र अंग तापलं (३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त), ओढायचं सोडलं, टाळू खोल गेली, दुपटी एकदम कमी भिजू लागली, हिरवी उलटी झाली, तर रात्र असली तरी दवाखाना गाठ. या वयात सकाळची वाट पाहायची नसते.

रडं असह्य झालं तर तिला सुरक्षित जागी पाठीवर निजवून पाच मिनिटं अंगणात जा. चिडून हलवू मात्र कधीच नको. आणि तुझे स्वतःचे डोळे दोन आठवड्यांहून जास्त भरून येत असतील, कशातच मन लागत नसेल, तर तोही आजारच समज आणि टेली मानस या मनाच्या तक्रारींसाठीच्या सरकारी फोनसेवेच्या १४४१६ नंबरवर बोल. फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

सासूबाईंशी वाद घालू नकोस. अडीच महिन्यांच्या लसीला त्यांना सोबत घेऊन जा, आणि पाण्याचा प्रश्न डॉक्टरांना त्यांनाच विचारू दे. तोवर रोज सहाला, पाजून झालं की, लेक त्यांच्या खांद्यावर दे आणि तू गरम भाकरी खाऊन घे.